द्राक्षाला नाव असतं!

मुंबईहून झाशीकडे निघालेली गाडी नाशिकरोड, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ करत उत्तरेला जाते. झाशी जेमतेम पंचवीस किलोमीटरवर उरली, की बबीना नावाचं छोटं स्टेशन लागतं. हे लष्कराच्या छावणीचं गाव. छावणी म्हटली की देशाच्या कानाकोपऱ्यातली कुटुंबं आलीच आणि त्यांत मराठी घरंही आली. झाशी शहरात तर पेशवाईपासून मराठी माणूस आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडच्या हातगाड्यांवर हिरवीगार द्राक्षं दिसू लागली, की या मंडळींना गावाकडची आठवण येते. कारण उत्तरेकडचा हा माल बहुतांशी महाराष्ट्रातून आलेला असतो.

आता गंमत पाहा. हीच मंडळी मे महिन्यात आंबा घ्यायला जातात, तेव्हा लंगडा की दशहरी, हापूस की पायरी, याची कसून चौकशी करतात. नाव कळल्याशिवाय पिशवी पुढे करत नाहीत. द्राक्ष घेताना मात्र एकच प्रश्न विचारतात, ‘गोड आहेत ना?’ बबीनातच कशाला, पुण्याच्या मंडईत आणि खुद्द नाशिकच्या रस्त्यावरही हेच चालतं. आंब्याला नाव, केळ्याला नाव, बोरालासुद्धा नाव. द्राक्ष मात्र नुसतं द्राक्ष!

तर या द्राक्षालाही नाव असतं, घराणं असतं आणि इतिहासही असतो. नाव विसरलं, की मागोमाग जातही नाहीशी होते. हे सर्वांत आधी कुणाला उमगलं असेल, तर इटलीच्या लोकांना.

एकाच देशात पाचशे जाती

इटली आकारानं महाराष्ट्राहून थोडी नीच आहे म्हणावी इतकीच, जवळपास तेवढीच. पण वाइनच्या द्राक्षांच्या पाचशेहून अधिक जातींची तिथल्या सरकारदरबारी नोंद आहे. प्रत्येक खोऱ्याची आणि डोंगराची आपली वेगळी जात. उत्तरेत पिएमाँत भागात नेब्बिओलो, मध्यावर टस्कनीत सांजोवेझे, दक्षिणेत नेपल्सच्या आसपास अल्यानिको, फियानो आणि ग्रेको. आपल्याकडे जशी कोलमची आणि आंबेमोहोराची चव वेगळी, तसाच हा प्रकार.

या जाती लोकांना ओळखता याव्यात म्हणून तिथे चाखण्याच्या बैठका भरतात. वाइन म्हटल्यावर डोळ्यांसमोर मद्यपींचा गोंधळ येऊ द्यायचं कारण नाही. टेबलावर पाच-सहा ग्लास ओळीनं मांडलेले असतात आणि प्रत्येकात घोट-दोन घोटच वाइन असते. आधी रंग पाहायचा, मग ग्लास हलवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात चक्क थुंकून टाकायचा. नशा होऊ द्यायची नाही, कारण जिभेला काम करायचं असतं. कधी एकाच जातीची चार गावांची वाइन ठेवतात, कधी एकाच गावातल्या चार जाती. कधी कोवळ्या वेलीची आणि साठ-सत्तर वर्षांच्या वेलीची शेजारी शेजारी. बागाईतदार स्वतः उभा राहून आपल्या मातीची हकीकत सांगतो. वेरोना शहरात १९६७ साली सुरू झालेलं ‘विनइटली’ हे प्रदर्शन तर या व्यवहाराची मोठी जत्राच झालं आहे.

पण हे वैभव सुखासुखी टिकलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतली माणसं कारखान्यांकडे धावली. जे मागे राहिले त्यांना भरघोस उत्पन्न हवं होतं. कमी घड देणारी, लहरी, वेळखाऊ वेल उपटायची आणि तिच्या जागी जास्त पिकणारी लावायची, हा सरळ हिशेब होता. त्या हिशेबात कितीतरी जुन्या जाती गेल्या. पुढे १९८६ साली स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉलची भेसळ झाली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. साऱ्या इटलीची अब्रू पणाला लागली. नुसतं स्वस्त आणि पुष्कळ यामागे धावून चालणार नाही, हे त्या वर्षी अनेकांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी पिएमाँतमधल्या ब्रा गावच्या कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘स्लो फूड’ची चळवळ उभी करायला घेतली. विसरली जाणारी पिकं आणि पदार्थ यांची यादी करण्याचा त्यांचा उपक्रम १९९६ साली सुरू झाला.

‘खट्याळ’ वेलीची परतफेड

या जाती वाचवल्या त्या सरकारी फतव्यानं नव्हे, एकेकट्या माणसांनी. पिएमाँतमध्ये आर्नेइस नावाची पांढरी जात होती. तिथल्या बोलीत आर्नेइस म्हणजे खट्याळ, हाताळायला कठीण. किमती नेब्बिओलोच्या ओळींशेजारी ती लावत, ती पाखरांनी तिच्यावर ताव मारावा आणि नेब्बिओलो वाचावं म्हणून! म्हणजे तिचा मान बुजगावण्याइतकाच. व्हिएत्ती या वाइनघराण्याच्या आल्फ्रेदो कुर्रादो यांनी १९६७ साली ही उरलीसुरली द्राक्षं गोळा करून त्यांची स्वतंत्र वाइन केली. ‘कुणाकडे आर्नेइस असेल तर मला द्या’ हा निरोप त्यांनी गावच्या चर्चमधून पोहोचवला, असं सांगतात. आज पिएमाँतच्या पांढऱ्या वाइनमध्ये आर्नेइसला मानाचं पान आहे.

पिएमाँतच्याच दुसऱ्या टोकाला वाल्तेर मास्सा यांनी १९८० च्या दशकात तिमोरास्सो ही जवळपास संपलेली जात पुन्हा उभी केली. मार्के भागातल्या ग्वीदो कोच्ची ग्रिफोनी यांनी त्याच दशकात आर्क्वाता देल त्रोंतो या डोंगरी गावातून पेकोरिनोच्या जुन्या वेलींच्या काड्या आणून आपल्या बागेत लावल्या. पेकोरा म्हणजे मेंढी. मेंढपाळांच्या वाटेवरची ही जात, म्हणून हे नाव.

या तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. वेल वाचली, पण ती लावल्यामुळे नव्हे. तिचं नाव बाटलीवर आलं, लोकांनी ती चाखली आणि पुन्हा त्याच नावानं मागितली, म्हणून वाचली. गिऱ्हाईक नाव घेईना, तर शेतकरी तरी किती दिवस प्रेमापोटी जमीन अडकवून ठेवणार?

म्हाताऱ्या वेलीचं मोल

जुन्या वेलींचीही अशीच कथा आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची बारीक कीड युरोपात शिरली आणि द्राक्षाची मुळंच खाऊ लागली. बागाच्या बागा वाळल्या. अखेर अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपी जातीचं कलम बांधायचा तोडगा निघाला आणि आजही बहुतेक बागा तशाच आहेत. पण वाळूत आणि ज्वालामुखीच्या राखेच्या मातीत ही कीड नीट जगत नाही. त्यामुळे सिसिलीतल्या एटना पर्वताच्या उतारावर, सार्डिनियाच्या वाळूत आणि नेपल्सच्या परिसरात स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली अजून सापडतात. उत्तरेकडच्या दक्षिण तिरोल भागात माग्रे गावातल्या एका घराच्या भिंतीवरची वेल तर १६०१ साली लावलेली आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या एकोणतीस वर्षं आधीची!

म्हातारी वेल घड कमी देते. पण तिची मुळं खोल गेलेली असल्यामुळे एखादं वर्ष कोरडं गेलं तरी ती डगमगत नाही, आणि थोड्या घडांत रस दाट उतरतो. केवळ वय झालं म्हणून वाइन चांगली होते असं मात्र नाही. वेल चुकीच्या जागी असेल तर ती शंभरीतही फिकीच राहील. जी चांगली होती तिलाच माणसानं शंभर वर्षं राखलं, हे त्यातलं खरं मर्म.

आपल्या घरची भोकरी आणि साहेबी

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात द्राक्ष काही काल-परवाचं नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानं तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, याची नोंद केली आहे. त्याला याचं आश्चर्य वाटलं ते साहजिकच. थंड मुलखात वेल हिवाळाभर झोपते. आपल्याकडे थंडी अशी नाहीच, वेल झोपतच नाही. म्हणून तर आपला बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून तिला वळण लावतो.

गेल्या शतकात नाशिक भागात ज्या जाती होत्या त्यांची नावं तरी ऐका. भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, हबशी! भोकरी म्हणजे जाड सालीची, काटक, भरपूर लागणारी, बिया असलेली. पंढरी साहेबीचा रुबाब वेगळा. मोठे, लांबट, पांढुरके मणी, चव नाजूक, पण घड मोजकेच. नाशिककडे या वेली पांगाऱ्याच्या जिवंत झाडांच्या आधारानं वाढवत. इटलीत नेपल्सजवळच्या आवेर्सा भागात आस्प्रिनिओची वेल अजूनही उंच पॉप्लरच्या झाडांवर चढवतात आणि तिला ‘झाडाशी लग्न लावलेली वेल’ म्हणतात. आपला पांगारा आणि त्यांचा पॉप्लर, युक्ती एकच. फरक इतकाच, की त्यांचं लग्न टिकलं.

पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चिमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड करून काढलेली ‘चिमा साहेबी’ ही जात एके काळी नावाजलेली होती. हैदराबादकडची अनाबेशाहीही आपल्याकडे रुजली. आणि मग आली थॉम्पसन सीडलेस.

थॉम्पसन ही मुळात पश्चिम आशियाकडची जुनी बिनबियांची जात. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉम्पसन यांनी ती तिकडे लोकप्रिय केली आणि तिला त्यांचं नाव चिकटलं. महाराष्ट्रात तिनं साठ-सत्तरच्या दशकांत जम बसवला आणि सगळं चित्रच पालटलं. बी नाही, साल पातळ, खायला सोपी, बेदाणा उत्तम, परदेशी पाठवायलाही चालते. पोराबाळांना बिया थुंकायची कटकट नको होती आणि शेतकऱ्याच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले. भोकरीला कोण विचारणार?

यात शेतकऱ्याचा दोष काढणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. उलट आपल्या बागाईतदाराची नजर जगात कुठे कमी नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्याच बागेतून वेगळी वेल हेरली आणि ‘तास-ए-गणेश’ ही जात दिली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची ‘सोनाका’ निवडली आणि काळ्या किशमिश चोर्नीतून ‘शरद सीडलेस’ काढली. हजारो घडांतला एखादा निराळा घड ओळखायचा, मणी चाखून पाहायचा, ती काडी वेगळी राखायची आणि वर्षानुवर्षं तपासायची. इटलीतल्या बैठकीत जे काम जीभ करते, तेच काम हे लोक रणरणत्या उन्हात मांडवाखाली उभं राहून करत होते.

पण एक गोष्ट यातून निसटली. तास-ए-गणेश काय, सोनाका काय नि माणिक चमन काय, ही सगळी थॉम्पसनचीच लेकरं. पेटीवरची नावं अनेक, घराणं एक. म्हणून या घराण्याचं दुखणं सगळ्यांनाच भोवतं. पातळ सालीचा मणी पिकायला आला असताना अवकाळी पाऊस झाला, की तो तडकतो. भुरी आणि डावणीसाठी फवारण्यांवर फवारण्या कराव्या लागतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि २०२३ च्या नोव्हेंबरअखेरचा नाशिकचा अवकाळी तडाखा बागाईतदार अजून विसरलेला नाही. गारांपुढे कुठलीच जात टिकत नाही, हे खरं. पण सगळ्या बागा एकाच वेळी, एकाच अवस्थेत, एकाच नाजूक मण्याच्या असल्या, की घाव सगळ्यांवर एकदम बसतो.

आणि म्हातारी वेल? ती तर आपल्याकडे दिसतच नाही. दोन छाटण्या, भरमसाट घड आणि विश्रांती नाही, यामुळे पंधरा वर्षांची बाग म्हातारी धरतात आणि मोडून नवी लावतात. इटलीत त्या वयाची वेल नुकती कुठे जाणती व्हायला लागलेली असते!

अकलूजची इटालियन सून

या कथेतला सर्वांत मजेदार योग सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला जुळला आहे. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ ही वाइन कंपनी काढली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तिथे वाइनची घडी बसवली आणि टस्कनीची लाडकी सांजोवेझे उसाच्या मुलखात रुजली. सांजोवेझे या नावाचा अर्थ ज्युपिटर देवाचं रक्त असा लावतात. नाशिकची ‘सुला’ आणि इतर वायनरी मुख्यतः सोव्हिन्यों ब्लां, शेनँ ब्लां, शिराझ अशा फ्रेंच वळणाच्या जातींवर उभ्या आहेत. सुलानं २००५ साली नाशिकला चाखण्याची खोली सुरू केली, तेव्हापासून मराठी कुटुंबंही वाइन चाखायची रीत पाहू लागली.

म्हणजे इटलीची वेल अकलूजला नांदते, फ्रान्सची नाशिकला नांदते. परक्या सुनेचं कौतुक जरूर व्हावं. पण घरची भोकरी आणि साहेबी कुठे गेल्या, हेही कुणी विचारायला नको का? पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात शेकडो जातींच्या वेली जतन केलेल्या आहेत. रसासाठीची गडद रंगाची ‘मांजरी मेडिका’ तिथेच तयार झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कॅटाव्बा या अमेरिकन जातीचा संकर करून रोगांना पुरून उरणारी ‘एआरआय ५१६’ काढली. शास्त्रज्ञ आपलं काम करत आहेत. पण संशोधन केंद्रातली वेल म्हणजे कपाटातला दागिना. तो अंगावर घालायचा तर बाजारात यायला हवा आणि बाजारात आणायचं काम शास्त्रज्ञाचं नाही, गिऱ्हाइकाचं आहे.

घरच्या घरी चाखण्याची बैठक

गिऱ्हाईक म्हणजे आपणच. त्यासाठी वाइनला शिवायचीही गरज नाही. पुढच्या हंगामात एका रविवारी घरातच बैठक भरवावी. बाजारात मिळतील तेवढे तीन-चार प्रकार थोडे थोडे आणावेत. हिरवी लांब सोनाका, गोलसर थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश, काळी शरद, लाल फ्लेम किंवा क्रिमसन आणि मिळालंच तर बियांचं बंगळुरूकडचं निळं द्राक्ष.

पाण्यात बराच वेळ बुडवून, हातानं हलवून नीट धुवावीत. फ्रीजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवावीत, कारण फार गार फळाची गोडी आणि वास दोन्ही दबतात. वाट्यांना फक्त आकडे घालावेत, नावं घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असावीत. मग आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी डोळे मिटून एकेक मणी खावा. आधी साल दाताखाली कशी फुटते ते पाहावं. मग गोडी किती, आंबटपणा किती आणि गिळल्यावर काय उरतं ते पाहावं. दोन मण्यांच्या मध्ये पाण्याचा घोट घ्यावा. प्रत्येकानं आपली पसंती कागदावर लिहावी आणि शेवटी नावं उघडावीत.

दोन गोष्टी हटकून लक्षात येतील. एक म्हणजे, नुसती साखर म्हणजे चव नव्हे. थोडा आंबटपणा असलेलं द्राक्षच जास्त वेळ आठवतं. दुसरी म्हणजे, बिया असलेल्या निळ्या द्राक्षाचा सुगंध बिनबियांच्या हिरव्यात सापडत नाही. बी नको म्हणताना आपण काय काय फेकून दिलं, हे लहान मुलांनाही त्या एका मण्यात कळेल.

आणि मग पुढची पायरी. द्राक्षं घेताना ‘गोड आहेत ना?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायचा, ‘जात कोणती?’ पहिल्या दिवशी विक्रेता हसेल. चौथ्या दिवशी पेटीवरचं नाव वाचून सांगेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो अडत्याला विचारेल आणि अडत्या बागाईतदाराला. पिएमाँतच्या खट्याळ आर्नेइसचं नशीब याच साखळीनं उघडलं. उद्या नाशिकच्या एखाद्या शेतकऱ्यानं बांधाला पंढरी साहेबीच्या चार वेली लावल्या, तर त्या जगतील की उपटल्या जातील, हे त्याच्या हाती थोडंच आहे. ते ठरेल, तुम्ही-आम्ही तिचं नाव घेऊन ती मागतो की नाही, यावर.